वाचकांचे प्रश्न : क्वालालंपूरला बिऱ्हाड हलवताना

आग्नेय आशियात नोकरीनिमित्त राहायला जाणाऱ्या कुटुंबांनी आपले प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. मी मूळची रत्नागिरीची. 2014 पासून क्वालालंपूरला लागून असलेल्या पेटालिंग जयात राहते, त्यामुळे मलेशियाची पत्रं माझ्याकडे आली. त्यातली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या बाईंची काळजी मी स्वतः जगले आहे.

प्रश्न : ताई, आमच्या ह्यांना क्वालालंपूरच्या एका कंपनीत तीन वर्षांचा करार मिळाला आहे. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं आहे. मी नाशिकला एका बँकेत चौदा वर्षं नोकरी करते. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. सासूबाई सत्तरीच्या, त्यांना मधुमेह आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी. भेटेल तो म्हणतो, 'नशीब काढलंस!' पण मला रात्र रात्र झोप लागत नाही. नोकरी सोडू का? मुलांच्या शाळेचं काय करू? सामान काय न्यावं? – एक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, नोकरीचा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी लिहिलात, तेव्हा तिथूनच सुरुवात करते. राजीनामा आत्ता देऊ नका. आधी बँकेकडे बिनपगारी रजेचा अर्ज करा. वर्षाची मिळाली तर उत्तम, सहा महिन्यांची मिळाली तरी घ्या. तुमच्या यजमानांना तिथे एम्प्लॉयमेंट पास मिळेल, म्हणजे ज्याला सगळे 'ईपी' म्हणतात तो. तुम्हाला आणि मुलांना मिळेल डिपेंडंट पास. या पासवर राहता येतं, नोकरी करता येत नाही. तुम्हाला नोकरी मिळालीच तर त्या कंपनीला तुमच्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. नाशिकची कामं तिथे बसून लॅपटॉपवर करण्याचा विचार असेल, तर चालतं का ते यजमानांच्या कंपनीकडून लेखी घ्या. 'सगळे करतात' यावर विसंबू नका.

हे मी इतकं ठासून सांगते, कारण मी शाळेतली कायम नोकरी एका आठवड्यात सोडून आले होते. पहिले दोन महिने घर लावण्यात गेले. तिसऱ्या महिन्यापासून सकाळी आठला घर रिकामं व्हायचं आणि मी सतराव्या मजल्यावर एकटी. दुपारी तीनच्या सुमारास डोंगराकडून काळं भरून यायचं, विजा कडाडायच्या, समोरची इमारत दिसेनाशी व्हायची. साडेचारला सगळं पुन्हा लख्ख. रोज तेच. रत्नागिरीला पाऊस आला की कामांचा क्रम बदलतो, आगोट येते, आपण काहीतरी आवरतो. इथे वर्षभर दुपारी एकतीस-बत्तीस अंश आणि वर्षभर पाऊस, त्यामुळे तो कशाचीच आठवण करून देत नव्हता. दिवसही बारा महिने सारखाच, सूर्य उगवायला सात-सव्वासात वाजतात आणि मावळायलाही तेवढेच. महिने कसे गेले ते कळलं नाही, आणि एक दिवस लक्षात आलं की आठवडाभर घरच्या माणसांखेरीज कोणाशीही मी दोन वाक्यं बोललेली नाही.

हे एकटेपण सुटायला लांब कुठे जावं लागलं नाही, बाजारात जाऊन सुटलं. त्या वर्षी गणपतीत मोदक वाफवायला हळदीची पानं हवी होती. ब्रिकफील्ड्समध्ये, म्हणजे केएल सेंट्रल स्टेशनाजवळच्या भारतीय वस्तीत, पोहे, रवा, हिंग, पूजेची फुलं सगळं मिळालं, पानं नव्हती. शेवटी आमच्या मागच्या गल्लीतल्या सकाळच्या बाजारात गेले. एका मलय बाईंच्या पाटीवर लांब हिरव्या पानांच्या जुड्या होत्या. एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि मला एकदम आमचं परसू आठवलं. बाईंनी विचारलं, 'रेंदांग?' मलय लोक ही पानं चिरून त्यांच्या रेंदांग नावाच्या मटणात घालतात. मी 'कुइह' म्हटलं, म्हणजे गोडधोड खाऊ. एवढा एक शब्द येत होता. मग हाताने नारळ खोवून दाखवला, गूळ दाखवला, पारी वळून दाखवली. बाई हसल्या, 'कुइह कोची!' म्हणाल्या आणि शेजारच्या टोपलीतून केळीच्या पानाची एक पुडी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. आत चिकट तांदळाच्या पिठाची पारी आणि तिच्यात नारळ नि माडाच्या गुळाचं सारण. मोदकाचीच बहीण. पैसे घेतले नाहीत. त्या बाजारात खोवलेला ताजा नारळ आणि यंत्रात पिळलेला नारळाचा रस तुमच्या डोळ्यांसमोर काढून मिळतो, हेही मला तेव्हाच कळलं.

त्या बाईंना मी 'माकचिक' म्हणायला लागले. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो ना, तसंच. थोड्या मोठ्या बाईला 'काक', म्हणजे ताई. वयस्क गृहस्थांना 'पाकचिक'. नात्याने हाक मारली की तिथली माणसं आपल्याशी वेगळी वागतात, अगदी आपल्याकडच्यासारखी. तेव्हा तुम्हाला माझा आग्रह आहे: घर लागलं की पहिल्याच महिन्यात मलय भाषेचा वर्ग लावा. इंग्रजीवर सगळी कामं होतात हे खरं, पण इंग्रजीवर माकचिक भेटत नाही. भाषा मराठी माणसाला परकीही नाही. तिचं नावच 'बहासा', म्हणजे भाषा. भेंडीला 'बेंदी' म्हणतात, काचेला 'काचा', कापसाला 'कापास', साबणाला 'साबुन', सुट्टीला 'चुती'. दंड झाला तर पावतीवर 'देंदा' लिहितात. पंतप्रधान म्हणजे 'पर्दाना मंत्री'. नवऱ्याला 'सुआमी' आणि बायकोला 'इस्तरी'. लिपी रोमन आहे, क्रियापदाला काळ-लिंग-वचन नाही. सहा महिन्यांत बाजारापुरतं बोलाल. पुढे चौथ्या वर्षी मला एका शाळेत स्वतःच्या ईपीवर काम मिळालं, तेव्हाही मुलाखतीत या मोडक्यातोडक्या मलयचाच उपयोग झाला.

आता शाळा. तिथल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळा ब्रिटिश पद्धतीच्या. वर्ष ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतं, म्हणजे तुमचं वेळेचं गणित जमतंय. मुलगा वयानुसार इयर सेव्हनला बसेल, मुलगी इयर वनला. सीबीएसईच्या शाळाही मोजक्या आहेत. करार खरोखरच तीन वर्षांचा असेल आणि परत नाशिकलाच यायचं असेल, तर मुलासाठी सीबीएसई बघा. तीन वर्षांनी तो नववीच्या उंबरठ्यावर असेल. त्या वयात अभ्यासक्रम बदलला की मूल दमतं. मुलीचं काहीही चालेल. फी भरमसाट असते, शिवाय प्रवेशशुल्क आणि अनामत वेगळी. कंपनी फी भरणार आहे का, किती वर्षं आणि दोन्ही मुलांची का, हे यजमानांच्या करारपत्रात लिहून घ्या. सही झाल्यावर कोणी काही वाढवून देत नाही.

कागदपत्रांत आपल्याकडच्या बायकांची एक नेहमीची अडचण होते: पासपोर्टवर सासरचं नाव, पदवीवर माहेरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसरंच. आपल्याकडच्या कित्येक जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच लिहिलेलं नसतं. पासच्या अर्जाला विवाहनोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले लागतात. आजच सगळे काढून समोरासमोर ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. महापालिकेत दुरुस्तीला किती फेऱ्या होतात ते तुम्हाला सांगायला नको.

जेवणाची भीती बाळगू नका, सावध मात्र राहा. केळीच्या पानावरचा भात तमिळ खानावळींत पोटभर मिळतो. रोती चनाई, म्हणजे पदर सुटलेला मैद्याचा पराठा, डाळीबरोबर देतात. मुलं त्यावर जगतील. चिनी बौद्ध शाकाहारी खानावळी आहेत, तिथे मांसासारखा दिसणारा पदार्थ सोयाबीनचा किंवा गव्हाच्या सत्त्वाचा असतो. गोची होते ती पालेभाजीत. कांगकुंग, म्हणजे आपली नाळीची भाजी, दिसायला हिरवीगार. पण परतताना 'ब्लाचान' घालतात, ते सुकवलेल्या कोळंबीचं वाटण. नासी लमाकवर, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भातावर, भुरभुरलेले चंदेरी तुकडे 'इकान बिलिस', म्हणजे सुके मासे. 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही, या दोन वस्तूंची नावं घेऊनच नको म्हणा. कोकम नेलंत तर बरं. तिथे 'आसाम कपिंग' नावाच्या सुक्या चकत्या मिळतात, कोकमाच्याच कुळातल्या. आंबटपणा येतो, रंग येत नाही.

सामान कमी न्या. घरं बहुधा फर्निचरसकट मिळतात. वीज 230-240 व्होल्टची, त्यामुळे तुमचा मिक्सर चालेल, फक्त चौकोनी तीन पिनांचा प्लग बसवून घ्यावा लागेल. कुकर, पोळपाट-लाटणं, पुरणयंत्र, मोदकपात्र न्या. चामड्याच्या चपला-पर्सेस आणि भारी रेशमी साड्या मागेच ठेवा, कारण तिथली बुरशी कशालाही सोडत नाही. पिठं आणि गोडा मसाला फ्रिजमध्येच.

बुरशीवरून आठवलं. भाड्याचं घर घेताना साधारण दोन महिन्यांचं भाडं अनामत, अर्ध्या महिन्याचं वीज-पाण्यासाठी आणि पहिल्या महिन्याचं आगाऊ, म्हणजे साडेतीन महिन्यांचं भाडं एकदम द्यावं लागतं. आमच्या पहिल्या घराच्या मालकांनी कपाटांमागच्या बुरशीच्या डागांवर बोट ठेवून सबंध अनामत ठेवून घेतली. डाग आम्ही राहायला गेलो तेव्हाही होते, पण आमच्याकडे पुरावा नव्हता. तुम्ही किल्ली हातात घ्याल त्याच दिवशी प्रत्येक कपाट भिंतीपासून ओढून फोटो काढा आणि मालकांना पाठवून ठेवा.

राहिल्या सासूबाई. पत्रात त्यांचं मत काय ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांना विचारा, आणि दोघं मिळून विचारा. भारतीयांना 31 डिसेंबर 2026 पर्यंत मलेशियात तीस दिवस व्हिसाशिवाय राहता येतं; तेव्हा आधी एक महिना येऊ द्या. राहाव्यात असं सगळ्यांना वाटलं तर ईपीच्या वरच्या श्रेणींवर आई-वडील, सासू-सासऱ्यांसाठी दीर्घ मुदतीचा सोशल व्हिजिट पास काढता येतो. यजमान कोणत्या श्रेणीत बसतात ते कंपनीला विचारा. कंपनीचा आरोग्यविमा त्यांना सहसा लागू होत नाही आणि खाजगी रुग्णालयाचं बिल मोठं असतं, हे धरून चाला. औषधांबरोबर डॉक्टरांची सहीशिक्क्याची चिठ्ठी हवीच. ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळा. सुमात्रा आणि बोर्निओकडे जमिनी आणि जंगलं पेटली की धूर इकडे येतो. 2015 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो इतका होता की शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आम्ही खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसत होतो. डेंग्यू मात्र बारमाही. गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा पहिल्याच दिवशी काढून टाका.

सासूबाई नाशिकलाच राहिल्या तर फोनची वेळ ठरवून घ्या. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं. नाशिकला रात्रीची जेवणं होऊन त्या निवांत होतील तेव्हा तुमच्याकडे अकरा-साडेअकरा वाजलेले असतील आणि नातवंडं झोपलेली. सकाळी त्यांचा चहा होतो त्या वेळी फोन करा. तुमच्याकडे साडेनऊ वाजलेले असतील, मुलं शाळेत असतील, आणि ज्या वेळी तुम्हाला घर खायला उठेल नेमक्या त्याच वेळी कोणीतरी तुमच्याशी मराठीत बोलेल.

प्रश्न : माझा मुलगा सप्टेंबरमध्ये मलेशियातल्या पिनांगला नोकरीवर रुजू होतोय. पहिल्या वर्षी तीस टक्के कर कापतात असं त्याच्या मित्राने सांगितलं. खरं आहे का? इथल्या बँक खात्यांचं काय करायचं? – एक पालक, सांगली

उत्तर : मित्राने सांगितलं ते अर्धं खरं आहे. मलेशियाचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यात 182 दिवस मुक्काम भरला नाही तर माणूस अनिवासी ठरतो आणि त्याला सरसकट तीस टक्के कर लागतो. सप्टेंबरला गेलेल्याचे डिसेंबरपर्यंत तेवढे दिवस भरणारच नाहीत. पण त्याचा मुक्काम पुढच्या वर्षातल्या सलग 182 दिवसांच्या मुक्कामाला जोडून असेल, तर पहिल्या वर्षीही त्याला निवासी धरता येतं. पगारातून जादा कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. त्यासाठी येण्या-जाण्याच्या प्रत्येक शिक्क्याची नोंद ठेवायला सांगा. पहिल्या काही महिन्यांत हातात पगार कमी पडेल, ते धरून इथून थोडे पैसे बरोबर द्या. घराची अनामतही त्याच महिन्यात भरायची असते. ऑक्टोबर 2025 पासून परदेशी नोकरदारांच्या पगारातूनही तिथल्या भविष्यनिर्वाह निधीसाठी दोन टक्के कापतात, मालक दोन टक्के घालतो.

इकडचं बचत खातं तसंच चालू ठेवू नका. नोकरीसाठी बाहेर गेल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इकडच्या उत्पन्नासाठीच्या, खात्यात बदलून घ्यावं लागतं. तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडा. पीपीएफ आहे ते मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. या सगळ्याची बँकेतली चौकशी आणि कागदांची तयारी तो इथे असतानाच उरका.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, ठाण्याला राहतो. 'मलेशिया, माझं दुसरं घर' या योजनेत जाऊन कायमचं राहावं का? हवा चांगली म्हणतात. – एक दांपत्य, ठाणे

उत्तर : माझं मत विचारलंत तर नको. योजना 2002 पासून आहे, पण 2021 मध्ये अटी एकदम कडक झाल्या आणि 2024 मध्ये पुन्हा बदलल्या. आता सर्वसाधारण श्रेणींतल्या सर्वांत खालच्या रौप्य श्रेणीलाही दीड लाख अमेरिकन डॉलरची मुदतठेव आणि किमान सहा लाख रिंगिटचं (रिंगिट म्हणजे मलेशियाचं चलन) घर घ्यावं लागतं, आणि पास मिळतो पाच वर्षांचा. आयुष्याची पुंजी परक्या चलनात अडकवून, दर काही वर्षांनी बदलणाऱ्या नियमांवर म्हातारपण टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. हवा ठाण्याच्या जूनसारखी, वर्षभर. त्यापेक्षा एक महिना घर भाड्याने घेऊन राहा, रोज बाजारात जा, एकदा तरी डॉक्टरकडे जाऊन बघा. दिवाळीच्या आसपास आलात तर तमिळ मंडळींची नरकचतुर्दशी बघायला मिळेल. पहाटे तेल लावून अभ्यंगस्नान करतात, अगदी आपल्यासारखं. त्या दिवशी सरकारी सुट्टीही असते.

प्रश्न : सून सिंगापूरमार्गे क्वालालंपूरला जाणार आहे, सिंगापूरला दोन दिवस नणंदेकडे थांबेल. तिच्याबरोबर अनारसे आणि लोणचं दिलं तर चालेल ना? – एक सासूबाई, सातारा

उत्तर : बरं झालं विचारलंत. अनारशांवर खसखस असते, आणि सिंगापूरमध्ये खसखस आणायला बंदी आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखाली ती तिथे निषिद्ध मानतात. तेव्हा अनारसे देऊ नका, आणि सुटी खसखस किंवा खसखस घातलेला मसालाही नको. चिवड्यात किंवा लाडवांत सवयीने घातली जाते, तेवढं लक्षात ठेवा. लोणचं काचेच्या बरणीत न देता प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून, वरून दोन पिशव्या बांधून मोठ्या बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत तेल असलेला डबा सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. तिला अनारसे खायचेच असतील तर भिजवून वाळवलेल्या तांदळाचं पीठ गुळासकट मळून, खसखस न लावता, छोट्या डब्यात द्या. तळायचं तेल तिथे मिळतं.